अजिंठ्याचा गिलावा आधी विटेवर करून पाहा

(कलाशिक्षण : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजिंठ्याची चित्रं 'फ्रेस्को' आहेत असं मी लिहिलं, तर बाईंनी ते खोडून 'टेम्परा' केलं. दोन्ही भिंतीवरचीच चित्रं ना? आणि हे पाठ करून माझ्या पेंटिंगला काय उपयोग?

उत्तर : बाईंनी खोडलं ते योग्यच. फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि रंग त्यातच अडकून बसतो. वेगळा चिकटा लागत नाही. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढीच भिंत लिंपतो. अजिंठ्यात मातीचा गिलावा आहे, त्यात भुसा आणि तंतू कालवलेले आहेत, वर पांढरा पातळ थर आहे, आणि रंग कोरड्या पृष्ठभागावर चिकट्यात कालवून लावले आहेत. हाच टेम्परा.

पाठ करू नका, करून पाहा. एक साधी वीट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. चाळलेली माती ३ भाग, बारीक वाळू १ भाग, भाताचं तूस १ भाग असं मिश्रण भिजवून दोन दिवस मुरू द्या. (ही मापं सरावासाठी आहेत, अजिंठ्याचं सूत्र म्हणून परीक्षेत लिहू नका.) विटेवर साधारण १ सेंटिमीटर थर द्या आणि काटकीने ओरखडे काढा. तो पुरता वाळायच्या आत बारीक माती आणि कातरलेला ताग यांचा ३ मिलिमीटरचा दुसरा थर द्या. सावलीत चार-पाच दिवस वाळवा, मग चुन्याच्या निवळीसारख्या पातळ पाण्याचे दोन हात फिरवा.

रंगांसाठी गेरू, रामरज (पिवळी माती), काजळ आणि खडू पुरे. निळा हवाच असेल तर अल्ट्रामरीन घ्या. अजिंठ्यातला निळा लाजवर्दी (लॅपिस लाझुली) दगडाचा होता, अल्ट्रामरीन हा त्याचाच कारखान्यात बनलेला भाऊ. प्रशियन ब्लू नको, तो चुन्याला लागला की तपकिरी पडतो. चिकट्यासाठी १० ग्रॅम सरस १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, सरसाची ताकद जाते.

आता काय बिघडतं ते पाहा. गिलावा तडकला तर तूस कमी पडलं किंवा वीट उन्हात ठेवली. अख्खा थर सुटून आला तर वीट कोरडी होती, तिने मातीतलं पाणी शोषून घेतलं. रंग बोटाला लागला तर सरस पातळ झाला. रंगाचे खवले वर वळले तर सरस जाड झाला, वाळताना आक्रसला आणि खालचा थर ओढून घेऊन आला. हा शेवटचा बिघाड मुद्दाम एका कोपऱ्यात घडवून आणा. लेण्यांतल्या चित्रांचे पापुद्रे का सुटतात, गिलाव्यातलं तूस-तंतू किड्यांनी खाल्ले तर भिंतीचं काय होतं, हे प्रश्न त्यानंतर तुम्हीच विचारू लागाल. इतिहासाचा तास तिथून सुरू होतो.

प्रश्न : अजिंठ्यातल्या पद्मपाणीची (हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाची) प्रतिकृती करतोय. पुस्तकातल्या छापील चित्रावरून रंग मिसळले तर सगळं पिवळट-तपकिरी होतं. मूळ तसंच आहे का?

उत्तर : छपाईचा दोष असू शकतो, पण मोठं कारण भिंतीवरच आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून त्या काळात भिंतीवर वार्निश चढलं. पुढे १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे भाग चिकटवताना लाखेचा वापर केला. वार्निश आणि लाख दोन्ही काळाबरोबर पिवळी पडतात. म्हणजे तुम्ही पाचव्या शतकाच्या रंगावर एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचा पडदा रंगवताय. दोन छोट्या पाट्या करा : एक आज दिसते तशी, दुसरी त्याच रंगांत पण पिवळा पडदा वजा करून. दुसरी ही तुमची अटकळ आहे असं मागे लिहून ठेवा. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच प्रतिकृती १८८५च्या लंडनमधल्या आगीत गेल्या, उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्याही ताडून पाहा.

प्रश्न : ट्यूटोरियलमध्ये चित्राबद्दल लिहायला बसले की चित्रकाराचं चरित्रच लिहून होतं.

उत्तर : आधी वीस मिनिटं पुस्तक मिटून चित्रासमोर बसा. माध्यम, आकार, उजेड कुठून येतो, सर्वांत गडद जागा आणि सर्वांत उजळ जागा कोणती, एवढंच टिपा. मग पेन्सिलीने तळहाताएवढं रेखाटन करा, फक्त तीन छटांत. (संग्रहालयात शाई-रंग नेऊ नका, बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.) म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सा. ल. हळदणकरांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र घ्या. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड बहुतेक वेळा कागद राखून मिळवावा लागतो, वरून पांढरा चढवून तसा सहज येत नाही. स्वतः एकदा दिव्याचा उजेड जलरंगात काढून पाहिलात, तर या एका मुद्द्यावर पानभर लिहाल. चरित्राला शेवटच्या चार ओळी पुरतात.

प्रश्न : स्टुडिओ आणि वाचन, दोन्हीला वेळ पुरत नाही.

उत्तर : तैलरंगाच्या वाळण्यावर वेळापत्रक बसवा. अंबरचा (umber, तपकिरी मातीचा रंग) पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, काळा किंवा कॅडमियम लाल आठवडाही घेतो. खालचा थर अंबरमध्ये सोमवारी टाका, मंगळवार वाचनाला. न वाळलेल्या थरावर घाईने दुसरा चढवला की रंग चिखलासारखा होतो, आणि वरचा लवकर वाळणारा असेल तर पुढे भेगा पडतात. एका टर्ममध्ये एकच कालखंड धरा, त्याचाच निबंध आणि त्याच्याच तंत्राचा सराव. बी.एफ.ए.नंतर इतिहासाकडे वळायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाची पदव्युत्तर पदवी आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयात संग्रहालयशास्त्र व जतन यांची पदविका. अर्जासोबत वरच्या विटेचे फोटो आणि प्रत्येक टप्प्याच्या नोंदी जरूर जोडा.