नायजेरियातल्या लागोसमध्ये घरावर सोलर बसवून जनरेटर बंद करता येईल का?

रात्रभर एसी लावायचा नसेल, तर जवळजवळ येईल. पण हिशोब मार्चच्या उन्हावर करू नका, जुलैवर करा. विषुववृत्ताजवळ म्हणजे रग्गड ऊन, ही समजूत लागोसला लागू पडत नाही. तिथे ढग आणि दमट हवा इतकी, की १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास देतं. पुण्यात तेच चारच्या वर जातं. जून ते ऑगस्ट अडीचच्या थोडं वर धरा.

फ्रिज दीड, तीन पंखे दोन, दिवे-टीव्ही-राउटर एक, पाण्याचा पंप अर्धा, म्हणजे रोजचे पाच युनिट. त्याला ५५० वॉटची ४ पॅनेल, ५ केव्हीएचा ४८ व्होल्टचा हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा) आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी. जुलैत जेमतेम भागतं. एक टनाचा एसी आठ तास लावलात की आणखी पाच-सहा युनिट. ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी स्वस्त दिसते, पण निम्मीच वापरायची असते आणि तिथल्या उकाड्यात लवकर मान टाकते.

पॅनेलच्या दिशेवरून डोकं शिणवू नका. शहर साडेसहा अक्षांशावर. एप्रिल ते ऑगस्ट दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो. १० अंश उतार पुरे, तोही धूळ पावसाने धुऊन जावी म्हणून. डिसेंबर ते फेब्रुवारी हरमॅटनचा वारा सहाराची धूळ आणतो, तेव्हा आठवड्याला एकदा सकाळी, काच तापायच्या आत, पाणी मारा. पत्रा आणि पॅनेलमध्ये १० सेंटिमीटर फट हवीच. लेक्कीसारख्या किनाऱ्यालगत साधे नट-बोल्ट गंजतात; स्टेनलेसचेच घ्या. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं.

गडबड बहुधा फिटिंगमध्ये होते. डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल-बॅटरीकडे, घरातल्या एसी विजेचा (एअर कंडिशनरचा नव्हे) एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, लावतात. डीसीत करंट एसीसारखा पुन्हापुन्हा शून्यावर येत नाही, ठिणगी विझत नाही आणि डबा जळतो. दुसरं, लिथियम जोडूनही इन्व्हर्टरचं सेटिंग लेड-अ‍ॅसिडचंच राहतं.

‘नेपा’ (वीज कंपनीचं जुनं नाव, लोक अजून विजेलाच तसं म्हणतात) आली की व्होल्टेज उसळतं, म्हणून इनपुटला व्होल्टेज प्रोटेक्टर लावा.

जनरेटर विकू नका. जुलैत सलग तीन दिवस झड लागली की दोन-तीन तास लागेलच. तेव्हा इन्व्हर्टरचा एसी चार्जिंग करंट (जनरेटरवरून बॅटरी चार्ज करायचा) २० अँपिअरवर आणा, म्हणजे साधारण १ किलोवॉट. ६० वर ठेवलात तर छोटा जनरेटर धापा टाकून बंद पडतो.