लेक म्हणते, लाल फॉस्फरवर संशोधन करायचंय

हर्णैहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची होडी आहे, मुलगी दापोलीला टीवाय बीएस्सीला, केमिस्ट्री घेऊन. तिला एमएस्सी करून पुढे एलईडी दिव्यांतल्या लाल फ्लोराइड फॉस्फरवर काम करायचंय. ते लिहितात, "आम्हाला एलईडी म्हणजे समुद्रातली भांडणं तेवढी ठाऊक. त्यात ती म्हणते की हायड्रोफ्लोरिक ॲसिड हाताळावं लागतं. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी मिळेल असं दिसतंय. ती सोडून हे कशाला?"

नमस्कार. आधी माझं मत सांगते. तिला एमएस्सीला जरूर पाठवा. ॲसिडची भीती मात्र सोडू नका, ती रास्त आहे.

एलईडी लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली. त्यावरचा तुमचा राग मी समजू शकते, पण मुलीच्या विषयाचा त्याच्याशी संबंध नाही. तिचा विषय तुम्हाला बंदरावरच दिसेल. लिलाव लांबून अंधार पडला की स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीखाली सुरमईचे कल्ले उघडून बघा. दिवसाउजेडी लालभडक दिसणारे कल्ले तिथे मळकट वाटतात. मासा ताजाच असतो, उजेडात लाल कमी असतो. या दिव्यातली चिप मुळात निळी असते, साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड देणारी. तिच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरीचा थर देतात. निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण लाल अपुरा राहतो. ही उणीव भरून काढणारी पावडर म्हणजे लाल फॉस्फर.

युरोपियम हा धातू किंचित घातलेले नायट्राइड फॉस्फर आधीपासून वापरात आहेत. पण त्यांचा लाल उजेड पसरट असतो आणि त्यातला बराच भाग डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या पट्ट्यात वाया जातो. तुमची मुलगी ज्याच्या मागे आहे ते बहुधा पोटॅशियम हेक्साफ्लोरोसिलिकेट असावं. त्यात काही सिलिकॉनच्या जागी मँगनीज बसवतात, भोवती सहा फ्लोरिन. निळा उजेड शोषून ते 630 नॅनोमीटरच्या आसपास अगदी अरुंद रेषांत लाल उजेड देतं. हा गुण पॉल्युझ नावाच्या संशोधकाने 1973 सालीच नोंदवला होता, पण तेव्हा झगझगीत निळी एलईडीच नव्हती. ती 1993 च्या सुमारास आली (तिच्या शोधाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि मग या पावडरीला काम मिळालं. जनरल इलेक्ट्रिकने ती बाजारात आणली. आज कित्येक टीव्हींच्या पडद्यांमागे तीच आहे.

मला या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते ती तिची कमजोरी. या पावडरीला दमट हवा सोसत नाही. बाष्प लागलं की वरच्या थरातल्या मँगनीजचं तपकिरी ऑक्साइड होतं, पावडर काळवंडते आणि उजेड उतरतो. म्हणून कणांवर संरक्षक लेप कसा द्यायचा, यावर जगभर काम चालू आहे. जूनपासून घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं अशा किनाऱ्यावरच्या मुलीने हा प्रश्न हाती घेतला, तर मला मनापासून आनंद होईल.

आता ॲसिड. नेहमीच्या कृतीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतंच. ते काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची वापरतात. सौम्य ॲसिड अंगावर पडलं तर लगेच आग होत नाही, कधीकधी काही तासांनी वेदना सुरू होतात. तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. जास्त प्रमाणात गेलं तर थेट हृदयाला धोका. म्हणून गाइड निवडण्याआधी मुलीने प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघावी. वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड चालू असतो का, हे ॲसिड अंगावर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असतं का, रात्री कुणी एकटं काम करतं का, हे तिथल्या सीनियर मुलांना विचारावं. हे ॲसिड टाळून किंवा कमी वापरून पावडर बनवण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत, तिथे त्यांवर काम होतं का हेही विचारावं. उत्तर देताना कुणी हसण्यावारी नेलं, तर ती लॅब नको. गाइड कितीही नावाजलेले असोत.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहिते. आपल्याकडे दिवे जोडले जातात, पण चिप आणि फॉस्फर बहुतांशी बाहेरून येतात. त्यामुळे नुसत्या "फॉस्फर"वर नोकरी शोधायला निघाली तर दारं थोडी. पण हे काम करताना ती एक्सरे डिफ्रॅक्शन (स्फटिकाची रचना ओळखणारं यंत्र) आणि स्पेक्ट्रोमीटर (उजेडातले रंग मोजणारं यंत्र) चालवायला शिकेल, फ्लोरिनचं रसायन शिकेल. लिथियम बॅटरीत लागणारं हेक्साफ्लोरोफॉस्फेटही याच जातीचं संयुग आहे, आणि फ्लोरिनच्या मोठ्या कंपन्या सुरत-दहेज पट्ट्यात आहेत. हे शिक्षण तिला तिथेही उपयोगी पडेल.

लोट्याची नोकरी वाईट नाही, पण बीएस्सीवर घेतलेल्या मुलांची बढती पुढे अडते, हे मी वारंवार बघते. म्हणून आधी जॅम परीक्षा द्यावी. ती साधारण फेब्रुवारीत असते, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. तिच्यावर आयआयटी, एनआयटीत एमएस्सीला प्रवेश मिळतो. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठ हेही चांगले पर्याय आहेत, आणि फॉस्फरच्या संशोधनाची जुनी परंपरा नागपूर विद्यापीठात आहे. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये विद्यावेतन मिळतं, पीएचडीचा भार तुमच्यावर पडत नाही. जॅममध्ये यंदा जमलं नाही तर वर्षभर लोट्याला नोकरी करत पुन्हा बसावं. मात्र नोकरी धरताना रात्रपाळी किती, हे आधी विचारून घ्या. रात्रपाळी जास्त असली तर अभ्यास होत नाही.

अर्जासाठी जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला लागणार असेल, तर तो आत्ताच काढायला टाका. ऐनवेळी दापोलीच्या सेतूत रांग लावून तो हाती पडेलच असं नाही.