सेन्सर मोठा की लेन्स उजळ? वाचकांचे प्रश्न

लग्नसराई तोंडावर आली की कॅमेरा बदलण्याचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी बहुतेकांचा रोख सेन्सरवर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपणाऱ्या चिपवर आहे, म्हणून ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. हळदीच्या रात्रीचे, कानबाईच्या जागरणाचे फोटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर काढावे लागतात आणि दाणेदार येतात. फुल फ्रेम घेतला तर हा त्रास संपेल का? (चोपडा)

उत्तर : कमी होईल, संपणार नाही. त्याआधी बऱ्याच कमी पैशांत जास्त फरक पाडणारा उपाय आहे, तो करा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. क्रॉप म्हणजे एपीएस-सी सेन्सर सोनी, निकॉन, फुजीत सुमारे २३.५ बाय १५.६ आणि कॅननमध्ये सुमारे २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर ८६४ विरुद्ध ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण २.३५ पट. एफ नंबर (आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी) आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) तेच ठेवलं तर फुल फ्रेम एकूण प्रकाश तेवढ्याच पटीने जास्त गोळा करतो. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) सव्वा स्टॉप. आज ६४०० ला दिसतात तेवढे दाणे फुल फ्रेमवर साधारण १५,००० ला दिसतील. फायदा खरा आहे, पण एवढाच आहे.

आता लेन्सकडे बघा. तुमची १८-५५ लेन्स ३५ मिलिमीटरला जेमतेम एफ ४.५ पर्यंत उघडते. तिथे ३५ एमएम एफ १.८ लावली तर प्रकाश सहापटीहून जास्त येतो, म्हणजे अडीच स्टॉपपेक्षा जास्त. ६४०० चा फोटो १००० च्या आयएसओवर निघतो. या लेन्सची किंमत फुल फ्रेम बॉडीच्या जवळपासही जात नाही.

एफ १.८ ला नवरीचा चेहरा आणि हळद लावणारा हात एवढंच नेमकं फोकसमध्ये येतं, मागची करवली धूसर होते. दोन रांगांचा ग्रुप फोटो असेल तर एफ ४ ते ५.६ हवाच, आणि तिथे फ्लॅशशिवाय पर्याय नाही. फुल फ्रेम घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: क्रॉपवर एफ ४ ला जेवढी खोली फोकसमध्ये असते तेवढी फुल फ्रेमवर आणायला एफ ६ च्या आसपास यावं लागतं. तो सव्वा स्टॉप तिथेच खर्च होतो. ग्रुप फोटोत मोठ्या सेन्सरचा फायदा जवळजवळ उरत नाही.

एवढं करूनही बॉडी बदलायचीच असेल तर लेन्सचाही हिशेब मांडा. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे १० च्या आसपास उरतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तर त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसतच नाहीत.

प्रश्न : मांडवात एलईडी माळा आणि स्टेजला एलईडी भिंत असली की फोटोत आडवे पट्टे येतात. सेन्सर खराब झाला का? (अमळनेर)

उत्तर : सेन्सर ठीक आहे. तुमचा कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असणार. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला साधा सीमॉस सेन्सर सगळ्या ओळी एकदम वाचत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि त्यात अनेक कॅमेऱ्यांत सेकंदाचा विसावा ते पन्नासावा भाग जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. काही ओळी तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे.

मेकॅनिकल शटर (खऱ्या पडद्याचं) चालू करा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. व्हिडिओ २५ फ्रेमला आणि १/५० ला. एलईडी भिंत आणि डिमरवरचे दिवे मात्र ५० हर्ट्झचा हिशेब पाळत नाहीत, त्यांची लुकलुक वेगळ्याच गतीची असते. कॅमेऱ्यात शटर बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय असेल तर स्क्रीनवर बघत बघत पट्टे जाईपर्यंत फिरवा. नसेल तर भिंत पार्श्वभूमीत येणार नाही असा कोन धरा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सायलेंट मोडला फ्लॅशही पेटत नाही. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी तपासलेलं बरं.

प्रश्न : हतनूर धरणावर पक्ष्यांचे फोटो काढतो. ४०० एमएम लेन्स आहे. फुल फ्रेमवर जावं का? आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर १/४००० ठेवूनही उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे का येतात? (भुसावळ)

उत्तर : हिवाळी पाहुणे काठापासून लांबच बसतात, म्हणून तुमच्यासाठी क्रॉपच बरा. लेन्स तीच, अंतर तेच, दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील तर क्रॉपवर पक्ष्याच्या वाट्याला सव्वादोनपट पिक्सेल येतात. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घेऊन मधला तुकडा कापला तरी हाती २० च उरतात, आणि पैसे मात्र दुप्पट-तिप्पट जातात. पहाटेच्या अंधुक उजेडातच बसणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही पक्षी फ्रेम भरून येत असेल तरच मोठ्या सेन्सरचा उपयोग.

पंखांचं कारण वर आलंच आहे. १/४००० हा प्रत्येक ओळीचा वेळ झाला. वरची ओळ आणि खालची ओळ यांत अजूनही १/३० सेकंदाचं अंतर आहे, आणि तेवढ्यात पंख खाली येतो. शटर कितीही वाढवा, हा वाकडेपणा जात नाही. मेकॅनिकल शटरचा पडदा पूर्ण सेन्सर सेकंदाच्या दोनशेव्या ते तीनशेव्या भागात ओलांडतो, म्हणून तो वापरा.

स्टॅक्ड सेन्सर याच कामासाठी आले. त्यांत वाचनाची यंत्रणा आणि मेमरी पिक्सेलच्या मागच्या थरात असते, त्यामुळे वाचन मेकॅनिकल पडद्याच्या वेगाला भिडतं. २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये तर मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटर सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्रीमध्ये आणला. त्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो, म्हणजे वेगासाठी थोडी गुणवत्ता मोजली आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढणाऱ्या शहाद्याच्या वाचकांनीही हेच विचारलं होतं. घोड्याच्या पायांसाठी एवढा खर्च नको. मेकॅनिकल शटर, १/१००० आणि भर दुपार टाळणं पुरेसं आहे.

प्रश्न : वरातीत डीजेच्या लेझरचा झोत कॅमेऱ्यावर आला. तेव्हापासून प्रत्येक फोटोत हिरवे ठिपके आणि एक उभी रेघ दिसते. (धुळे)

उत्तर : सेन्सर भाजला आहे. लेन्स झोत एका टिंबावर गोळा करते, तिथले पिक्सेल आणि त्या रांगेची जोडणी जळते. म्हणून रेघ पूर्ण उंचीची दिसते. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे फोटो काढला नसला तरी धोका राहतो. डीएसएलआरमध्ये आरसा खाली असताना सेन्सर बचावतो, पण व्ह्यूफाइंडरमधून बघणारा डोळा सापडतो. यूव्ही फिल्टरचा इथे काही उपयोग नाही.

खात्री करायला लेन्सला टोपी लावा, आयएसओ १००, १/६० ला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो काढून १०० टक्के मोठा करून बघा. ठिपके आणि रेघ तिथेही दिसली तर नुकसान कायमचं. मेनूतलं पिक्सेल मॅपिंग मोजके ठिपके लपवतं, रेघ लपवत नाही. रेघ गेली नाही तर सेन्सरच बदलावा लागतो, आणि जुन्या बॉडीत तो खर्च परवडत नाही.

याची गल्लत गरम पिक्सेलशी करू नका. एप्रिल-मेमध्ये ४४ अंशांत तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर लाल-निळे ठिपके येतातच. सेन्सरचा आतला गळता प्रवाह दर ६ ते ८ अंशांना जवळपास दुप्पट होतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं, किंवा तोरणमाळला थंडीच्या रात्री तेच एक्स्पोजर दिलं, की ते बरेच कमी होतात.

प्रश्न : जुन्या सीसीडी कॅमेऱ्याचे रंग चांगले म्हणतात. घ्यावा का? (नंदुरबार)

उत्तर : हौस म्हणून घ्या, कामासाठी नको. सीसीडी हा जुन्या प्रकारचा सेन्सर १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला, त्यासाठी २००९ चं नोबेलही मिळालं. पण रंग सीसीडीमुळे येत नाहीत. ते पिक्सेलवरच्या रंगीत फिल्टरमधून आणि कॅमेऱ्याच्या प्रक्रियेतून येतात. निकॉन डी ४० सारखा ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आजही उन्हात छान चालतो, रात्री ८०० च्या वर आयएसओ नेलात की दाणे सोसत नाहीत. छोट्या सीसीडी कॅमेऱ्यांत दिवा फ्रेममध्ये आला की उभा पांढरा पट्टा उतरतो. घेण्याआधी बॅटरी मिळते का ते बघा, आणि कार्डही: २००६ च्या आधीच्या अनेक कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड कळत नाही.

प्रश्न : जिनिंगमध्ये फोटो काढल्यापासून आकाशात काळे डाग दिसतात. (पारोळा)

उत्तर : सरकीच्या शेडमध्ये लेन्स बदलली असणार. एफ १६, आयएसओ १००, लेन्स आउट ऑफ फोकस करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. समोरून सेन्सर बघताना फोटोत वर दिसणारा डाग खाली असतो; डावा मात्र डावीकडेच. बॅटरी पूर्ण भरा, मेनूतून क्लीनिंग मोड लावा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब चिकटतो. स्प्रेचा डबाही नको, त्यातला द्रव काचेवर उडतो. कापसाचा तंतू ब्लोअरने निघतो. चिकट डाग राहिला तर सेन्सरच्या मापाचा स्वॅब (पुसायची पट्टी), क्रॉपला १६ आणि फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा, त्यावर द्रवाचे दोन थेंब, एका दिशेने एक हात, उलटवून परत एक हात, आणि तो स्वॅब टाकून द्या. पुसता ती सेन्सरपुढची फिल्टरची काच असते, पण ओरखडा पडला तर फोटोत दिसायचा तो दिसतोच.