तक्ते दोन, उत्तर एक

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नागपूरला महालात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सराव परीक्षेत गणित होतं : संत्र्याचं सरासरी वजन 150 ग्रॅम, प्रमाण विचलन 20 ग्रॅम, वितरण नॉर्मल, तर 180 ग्रॅमपेक्षा जड फळाची संभाव्यता किती? मी झेड 1.5 काढला, तक्त्यात पाहून 0.9332 लिहिलं आणि शून्य गुण मिळाले. मैत्रिणीच्या पुस्तकात 1.5 समोर 0.4332 आहे. खरं उत्तर म्हणे 0.0668. यातला कोणता तक्ता चुकीचा? आणि नेमक्या 150 ग्रॅमची संभाव्यता शून्य असते, हे कसं? माझे बाबा कळमन्याला संत्र्याचे व्यापारी आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग काट्यावर रोज दीडशे येते ते काय?’

उत्तर : अगं, दोन्ही तक्ते बरोबर आहेत. मोजायला सुरुवात कुठून केली, एवढाच फरक आहे. नॉर्मल वितरणाचा वक्र टेकडीसारखा दिसतो आणि त्याच्या खालचं क्षेत्रफळ म्हणजे संभाव्यता. तुझा तक्ता अगदी डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ सांगतो. मैत्रिणीचा मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचं. दोन्ही आकड्यांत नेमका 0.5 चा फरक आहे बघ, तो म्हणजे डावीकडची अर्धी टेकडी. तुला विचारलं होतं उजवीकडे उरलेलं शेपूट. तुझ्या तक्त्यावरून 1 वजा 0.9332, तिच्या तक्त्यावरून 0.5 वजा 0.4332. दोन्हीकडून 0.0668 च येतं. झेड बरोबर काढला होतास, त्याचे गुण तुला मिळायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

मी तीस वर्षं हा विषय शिकवला. हुशार मुलंही अडायची ती इथेच, आणि ज्यांनी आधी चित्र काढलं ती सहसा अडायची नाहीत. म्हणून तक्ता उघडण्याआधी वहीत टेकडी काढ. शिखराखाली 150 लिही. उजवीकडे उतारावर, टेकडीची उंची शिखराच्या साधारण एक तृतीयांश उरते तिथे, 180 ची उभी रेघ मार आणि विचारलेला भाग पेन्सिलने काळा कर. काळा झालेला तुकडा नखाएवढा दिसेल. तो डोळ्यांसमोर असताना 0.9332 लिहायला हात धजणार नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर हजार फळांतली 933 फळं 180 च्या वर गेली, तर सरासरी 150 वर राहील कशी? हजारात साधारण 67 फळं, हे मात्र पटतं.

झेड म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घे. प्रमाण विचलन, म्हणजे फळांची वजनं सरासरीपासून साधारण किती लांब पसरली आहेत, ते 20 ग्रॅमचं एक पाऊल धर. 150 पासून 180 पर्यंत जायला दीड पाऊल लागतं, तोच 1.5. प्रत्येक बागेची सरासरी वेगळी, पाऊल वेगळं. या वक्राखालचं क्षेत्रफळ काढायला साधं सूत्र नाही, म्हणून सरासरी 0 आणि पाऊल 1 असलेल्या एकाच वक्राचा तक्ता करून ठेवला आणि सगळ्या बागा त्यावर आणून मोजल्या. किती सुंदर सोय आहे ही! गणितज्ञ द म्वाव्रला हा वक्र 1733 मध्ये नाणेफेकीच्या हिशेबात सापडला, जर्मन गणितज्ञ गाउसने 1809 मध्ये तो ग्रहांच्या निरीक्षणांतल्या चुकांना लावला. जर्मनीच्या 10 मार्कांच्या नोटेवर गाउसच्या चित्राशेजारी हीच टेकडी सूत्रासकट छापलेली होती. मी वर्गात त्या नोटेचं चित्र दाखवायची, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची.

आता बाबांचा प्रश्न. फार चांगला विचारला त्यांनी. काटा 150 दाखवतो म्हणजे फळ 149.5 ते 150.5 च्या मध्ये कुठेतरी आहे. एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला त्याहून बारीक दिसत नाही. त्या एक ग्रॅमच्या पट्टीला रुंदी आहे, म्हणून क्षेत्रफळ आहे : झेड उणे 0.025 ते अधिक 0.025, साधारण 0.02. शंभरात दोन फळं. दशांशाच्या पुढची सगळी घरं शून्यच असलेलं, अगदी नेमकं 150 मागितलं, तर पट्टीची नुसती रेघ होते. रेघेला रुंदी नाही, म्हणून क्षेत्रफळ शून्य. म्हणजे काट्यावर रोज दीडशे येतं हे बाबांचं म्हणणं खरं आणि पुस्तकातलं शून्यही खरं.

बाबांना उलटं गणितही करून दाखव, त्यांच्या कामाचं आहे. सगळ्यात जड दहा टक्के फळं वेगळी काढायची, तर किती ग्रॅमच्या वरची काढावी? या वेळी तुझ्या तक्त्याच्या आत 0.9000 च्या जवळचा आकडा शोध आणि कडेला झेड वाच : 1.28. तेवढी पावलं म्हणजे 25.6 ग्रॅम. 150 मध्ये मिळवले की 175.6.

पण एक सांभाळ. हे आकडे छाटणी न झालेल्या मालालाच लावायचे, आणि तिथेही टेकडीचा आकार खरंच येतो का ते आधी पाहायचं. प्रतवारी करून चुरी, म्हणजे बारकी फळं, बाजूला काढली की टेकडीचं डावं शेपूट कापलं जातं. उरलेल्या ढिगाला हा तक्ता लावलास तर उत्तर चुकेल. माझ्या भावाची काटोलकडे बाग आहे. त्याच्या छाटलेल्या क्रेटमधली फळं वजन करून मी एकदा आलेख काढला, तर डावीकडे उतार नव्हताच, सरळ भिंत होती. म्हणून झाडावरून उतरलेलं क्रेट घे, शंभर फळं वजन कर, सरासरी आणि विचलन स्वतः काढ.

आणि त्याआधी तुझ्या परीक्षेतल्याच संत्र्यांचं एक गणित : 120 ग्रॅमच्या खालची फळं किती? टेकडी काढ, डावीकडचा तुकडा काळा कर. तक्ता न उघडता उत्तर येईल.