घोड्याच्या मानेवर गव्हाच्या ओंब्या

प्रश्न: कार्थेजच्या (उत्तर आफ्रिकेतलं, आजच्या ट्युनिशियातलं प्राचीन नगरराज्य) एका जुन्या ब्राँझ नाण्याचा फोटो पाहिला, त्यावर गव्हाच्या तीन ओंब्या आहेत पण तिरकं बघितलं की त्याखाली घोड्याची मान दिसते. हे नाणं बनावट आहे का हो?

उत्तर: फक्त तेवढ्यावरून बनावट म्हणू नका, उलट अशीच नाणी जास्त बोलकी असतात! कार्थेजच्या ब्राँझवर एका बाजूला तानित देवी आणि दुसऱ्या बाजूला घोड्याचं डोकं हे नेहमीचंच. मग इ.स.पू. २४१ ला रोमशी चाललेलं पहिलं युद्ध संपलं, कार्थेजकडे भाडोत्री सैनिकांचे पगार द्यायला पैसे नव्हते आणि त्या सैनिकांनी बंड केलं, ते लोण सार्डिनिया बेटापर्यंत गेलं. ओंब्यांची ही नाणी साधारण त्याच धामधुमीतली मानतात. नवीन धातू ओतून चकत्या करत बसायला वेळ कुणाला, सरळ जुनं नाणं घेतलं, दोन ठशांमध्ये धरलं आणि वरून हातोडा हाणला की झालं काम. घाव नीट बसला नाही तर जुनं चित्र पूर्ण पुसलं जात नाही, म्हणून ओंब्यांच्या देठापाशी घोड्याचा जबडा डोकावतो.

आफ्रिकेतल्या बंडखोरांनी तर कार्थेजच्याच नाण्यांवर ग्रीक अक्षरात ‘लिब्यांचं’ (म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या स्थानिक लिबियन लोकांचं) असं उमटवलं, म्हणजे मालकाच्याच पैशावर आपलं नाव, काय डेरिंग!

अभ्यासकांना फायदा असा की खालचं नाणं आधीचं हे आपोआप सिद्ध होतं, तारीख छापलेली नसली तरी क्रम लागतो. फोटो हळूहळू फिरवून बघा, कधीकधी देवीची केसांची बटसुद्धा सापडते.