दहा मीटरवरून : पहिलं पिस्तूल घेताना

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं "कोणतं पिस्तूल घेऊ?" एवढंच विचारणारी आहेत. त्यातलं सगळ्यात लांबलचक पत्र आधी घेते. बाकीच्यांच्या शंका त्यात आपोआप येऊन जातात.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय 46, कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. स्वप्नील कुसाळेला ऑलिंपिक पदक मिळालं तेव्हापासून आपणही पिस्तूल घ्यावं असं डोक्यात बसलंय. अडीच लाखांपर्यंत तयारी आहे. एक मित्र म्हणतो, थेट परवान्याचं पॉइंट टू-टू (0.22 इंच नळीचं, खऱ्या गोळीचं पिस्तूल) घे, खेळही होईल आणि घरात संरक्षणालाही राहील. दुसरा म्हणतो, हवेवर चालणारं एअर पिस्तूल म्हणजे जत्रेत फुगे फोडायची बंदूक. मला वाचायला चष्मा लागतो. गच्चीवर सराव करता येईल का? ग्रिप वगैरे मी स्वतःच घडवू शकतो. (उद्यमनगर, नाव छापू नये)

उत्तर : दादा, पहिल्यांदा एक दुरुस्ती. स्वप्नीलच्या हातात पिस्तूल नव्हतं, रायफल होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून. 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झालेली आपली तेजस्विनी सावंतही रायफलचीच. तुम्हाला ओढ लागलीय ती राही सरनोबतच्या वाटेची. तिनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला सुवर्ण घेतलं ते 25 मीटर पिस्तुलात, बरोबरी झाल्यावर दोन शूट-ऑफ खेळून. हे आधी सांगते कारण रायफल आणि पिस्तूल यांत शरीराची मागणीच वेगळी. रायफलला जाड कॅनव्हासचं जॅकेट असतं, दोन्ही हात असतात, गाल टेकायला दस्ता असतो. पिस्तुलात एकच हात, तोही खांद्यापासून सरळ, कशाचाही आधार नाही. दुसरा हात खिशात.

आता तुमचा पहिला मित्र. एकाच हत्यारात खेळ आणि संरक्षण बसवणं मला पटत नाही आणि ते जमतही नाही. स्पर्धेच्या पॉइंट टू-टूची लाकडी ग्रिप पंजाभोवती घट्ट बसते, हात त्यात नीट सरकवावा लागतो. गडबडीत उचलायची ती वस्तूच नाही. शिवाय ती घरात ठेवायची म्हणजे रिकामी करून, कुलपात, गोळ्या वेगळ्या कपाटात. उलट लोक संरक्षणाला घेतात ते पॉइंट थ्री-टूचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. त्यावर नेमबाजी शिकायला बसलात तर दणक्यानं डोळे मिटायची सवय लागेल, आणि ती सवय मोडता मोडता वर्ष जातं. नऊ एमएमचा विषयच सोडा, सामान्य नागरिकाला तो बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं ते माप, कायद्यानं बंद आहे.

परवान्याचं म्हणाल, तर अर्ज नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. वय 21 पूर्ण लागतं. पोलिसांची पडताळणी होते. वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात ते सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि परवाना कशासाठी हवा त्याचं कारण, हे सगळं जोडावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. "खेळासाठी" असं कारण लिहायचं तर खेळत असल्याचा पुरावा लागणार, आणि तो पुरावा तयार होतो एअर पिस्तुलावर. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पॉइंट टू-टू स्वतः मागवण्याची सवलतही ठरावीक गुणांपर्यंत पोचलेल्या खेळाडूंनाच मिळते. म्हणजे मित्राचा सल्ला मानायचा ठरवलात तरी सुरुवात इथूनच.

दुसऱ्या मित्राला एकदा दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर पाठवून द्या. दहा मीटरच्या एअर पिस्तूल टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. जवळजवळ किलोभराचं पिस्तूल एका हातात धरून सव्वा तासात 60 वेळा तिथं मारायचं. मनू भाकरचं पॅरिसमधलं वैयक्तिक कांस्य याच प्रकारातलं. जत्रेतल्या बंदुकीची नळी बहुधा वाकडी असते आणि फुगेवाल्याला ते माहीत असतं. तिचं आणि या पिस्तुलाचं नातं नाही.

मग घ्यायचं काय? आत्ता काहीच नाही. निदान तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. पहिले काही आठवडे तुम्हाला छर्रासुद्धा मिळणार नाही, आमच्याकडे तरी. पाय किती फाकवायचे, अंग टार्गेटला किती आडवं ठेवायचं, डोळे मिटून हात वर केला आणि डोळे उघडले तर तो आपोआप कुठं जातो, हे आधी. हात डावीकडे जात असेल तर हात ओढून आणायचा नाही, मागचा पाय सरकवायचा. मग कोऱ्या पांढऱ्या कागदावर नुसता ट्रिगर. टार्गेटचा काळा गोल समोर नसला की माणूस निमूटपणे साईट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, बघतो. गोल दिसला की लागली त्याची नजर तिकडे पळायला. घरी एक लिटरची पाण्याची बाटली भरून हात सरळ धरा, आठ-दहा सेकंद, खाली, पुन्हा वर. वर्कशॉपमध्ये दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्या माणसाची कंबर आणि पाय पोरांपेक्षा बरे असतात, हा माझा अनुभव आहे. खांदा मात्र तयार करावा लागेल. स्वप्नीलला 2009 मध्ये वडिलांनी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तेव्हा पहिलं वर्ष नुसत्या शारीरिक तयारीत गेलं, खेळ त्यानंतर निवडायचा होता.

चष्म्याचा प्रश्न तुम्ही शेवटी उरकून टाकलाय, पण तुमच्या वयाला खरी गोम तिथंच आहे. पिस्तुलात नजर टार्गेटवर नसते. पुढची साईट काचेसारखी स्वच्छ दिसायला हवी, मागची खाच जरा कमी, आणि टार्गेट धुरकट. धुरकटच असायला हवं. हात सरळ केल्यावर पुढची साईट डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब येते. वाचायचा नंबर त्याहून फार जवळचा असतो आणि लांबचा नंबर फार लांबचा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेतून बघायला गेलात तर मान वरखाली करून स्वच्छ जागा शोधत बसाल, आणि मान हलली की सगळंच हललं. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना टेप घेऊन जा. "मला एवढ्या अंतरावरची वस्तू स्वच्छ दिसली पाहिजे" असं दाखवून नेमाच्या डोळ्यासाठी एकेरी काच करून घ्या. दुसरा डोळा घट्ट मिटू नका, त्याच्यापुढे चष्म्यावर पांढरट प्लॅस्टिकची पट्टी लावा. आणि कोणता डोळा जोरकस आहे, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेतो, ते पहिल्याच दिवशी तपासून घ्या. उजवा हात आणि डावा डोळा असं असेल तर ग्रिप कोणती घ्यायची इथपासून विचार बदलतो.

ग्रिप स्वतः घडवण्याचं मात्र ऐकून बरं वाटलं. इथं तुमचा हात चालू द्या. तयार ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि कुणाच्याही पंजाला पहिल्या दिवशी तंतोतंत बसत नाही. कुठं कानशीनं घासायची, कुठं लाकडाची लुगदी भरायची, हे चांगले खेळाडू वर्षानुवर्षं करतात. नियम एवढाच की पिस्तूल ग्रिपसकट 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत हवं आणि ग्रिपनं मनगटाला आधार देता कामा नये. ट्रिगर 500 ग्रॅमच्या खाली नको. स्पर्धेआधी वजन टांगून तो तपासतात. तो स्क्रूनं हलकाजड होतो, पण प्रशिक्षकासमोर करा. नळी आणि झडपेला मात्र लेथवाल्यानं हात लावायचा नाही. हात शिवशिवतील, माहीत आहे.

तीन महिन्यांनी गोडी टिकली तर खरेदी. स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ यातलं कुठलंही तुमच्यापेक्षा चांगलंच मारतं, तेव्हा नावावरून वाद घालू नका. क्लबमध्ये जे दोन-तीन प्रकार असतील ते हातात घेऊन बघा, मनगट न वळवता साईट सरळ समोर येते ते तुमचं. साडेचार मिलिमीटर बोअर आणि 20 जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद जेमतेम पाच जूल, तरी डोळा जायला तेवढी पुरते, म्हणून गच्ची नको. बंदिस्त जागा, छर्रे अडवणारी पेटी आणि मधे कुणी येणार नाही याची खात्री, हे तिन्ही असेल तरच घरी.

जुनं मिळत असेल तर अवश्य बघा. बरेच खेळाडू दोन वर्षांत मॉडेल बदलतात. फक्त हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. सिलिंडर पूर्ण भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरलेला दिसला तर सील गेलंय. अडीच लाख सगळे पिस्तुलात घालू नका. चपट्या डोक्याचे छर्रे, हवा भरणं, रेंजची फी, स्पर्धांची प्रवेश फी, हा खर्च दर महिन्याचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. रेंजवर जाते म्हणून हट्ट धरलाय, आणि ओळखीचे लोक म्हणतात स्वतःचं पिस्तूल असल्याशिवाय प्रगती होत नाही. घरात तसली वस्तू आणायची भीती वाटते. दहावीला क्रीडा गुण मिळतात हे खरं का? (कसबा बावडा)

उत्तर : ताई, भीती वाटते हे चांगलं आहे, ती तशीच राहू द्या. या वयात स्वतःचं पिस्तूल नकोच. पंजा अजून वाढतोय, आज घेतलेली ग्रिप वर्षभरात लहान पडेल. क्लबचं पिस्तूल, आणि तेही सुरुवातीला टेबलावर आधार देऊन. दोन्ही खांदे सारखे राहावेत म्हणून दुसऱ्या हाताचा व्यायामही करून घेतात का, हे प्रशिक्षकांना विचारा. न विचारता करून घेत असतील तर जागा चांगली आहे.

तुम्ही स्वतः एक तास मागं बसून बघा. पोरं पिस्तूल टेबलावर ठेवताना नळी टार्गेटकडे असते का? नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, असतो का? ट्रिगरवर बोट कधी जातं? कुणी टार्गेटपाशी गेलं की बाकीचे हात मागं घेऊन उभे राहतात का? हे दिसलं नाही तर भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत, मुलीला तिथं ठेवू नका. छर्रे शिशाचे असतात. रेंजवर डबा खायचा नाही आणि बाहेर पडताना साबणानं हात धुवायचे, हे घरूनच बजावा. क्रीडा गुण मिळतात, पण ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर. त्यांच्यासाठी हा खेळ निवडणार असाल तर तुमची मुलगी मला आधी वाचवावी लागेल, कारण ताण घेऊन ट्रिगर दाबणारं पोर टार्गेटवर सात-आठ गुणांतच अडकतं. राहीला बंदुकीची ओळख एनसीसीमुळं झाली. तुमच्या शाळेत एनसीसी असेल तर आठवीत नाव घाला, तिथं पॉइंट टू-टू रायफल हातात येते आणि शिस्त फुकट मिळते.

प्रश्न : आजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. ते मागच्या वर्षी वारले. त्यावर नेमबाजी शिकता येईल का? (गडहिंग्लज)

उत्तर : शिकायचं नंतर बघू. ते कपाटात राहणंच आता बेकायदेशीर आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. कुणीही ते हाताळत न बसता आधी पोलीस ठाण्यात फोन करा, ते कसं आणायचं हे त्यांनाच विचारा आणि त्यांच्याकडे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना जोडून वारस म्हणून तुम्ही स्वतःच्या नावानं अर्ज करू शकता. परवाना मिळालाच तर घरच्या लग्नात वरातीपुढे बार काढायचा मोह कुणाला होऊ देऊ नका. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : शेतात गवे आणि वानरं येतात. एअरगननं हाकलली तर चालतील का? (भुदरगड)

उत्तर : नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि वानराच्या अंगात छर्रा रुतला तर ते कुठंतरी सडून मरतं. पिकाचा पंचनामा वनविभागाकडून लगेच करून घ्या, भरपाई मिळते.

प्रश्न : निवडणुकीत एअर पिस्तूलही जमा करावं लागतं का? आणि स्टेटसला फोटो ठेवला तर? (शिवाजी पेठ)

उत्तर : आचारसंहितेत जमा करायला सांगतात ती परवान्याची शस्त्रं. त्यातही नोंदणीकृत खेळाडूंना सहसा सूट मिळते, पण ती मागावी लागते. बिनपरवान्याच्या एअर पिस्तुलाला तो आदेश लागू नाही. फोटोचं म्हणाल, तर स्टेटसवरचं पिस्तूल हवेचं की खरं हे पोलिसांना मोबाईलवर कळत नाही, म्हणून ते तुम्हालाच बोलावून विचारतात. रेंजला जाताना ते पेटीत बंद, सिलिंडर काढलेलं आणि बिलाची प्रत सोबत.