जिप्सीच्या पुढच्या डिफ्रन्शियलचं ऑइल सील दोनदा बदलूनही गळतंय, हाऊसिंग बदलावं का?

तुमची २००१ ची जिप्सी किंग. डावं पुढचं चाक आतल्या अंगाने ऑइलने भिजतं. गॅरेजमध्ये आधी पिनियनचं (डिफ्रन्शियलमध्ये ताकद आणणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) सील बदललं, मग ॲक्सलचं, आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. आता ते म्हणतात हाऊसिंग, म्हणजे डिफ्रन्शियल आणि ॲक्सल ज्यात बसतात ते लोखंडी कवच, वाकलंय, अख्खं बदला.

थांबा. हाऊसिंगवर पैसे घालायच्या आधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, बघा.

मी चंद्रपूरचा. ताडोबात मोहर्लीच्या गेटवरून जाणाऱ्या जिप्स्यांची कामं गेली २२ वर्षं करतोय. त्यात एक गाडी अशी आली की तिच्या पुढच्या ॲक्सलचं सील मी एका हंगामात तीनदा बदललं. दर वेळी वाटायचं, सीलच खराब निघालं. चौथ्यांदा गाडी आली तेव्हा कंटाळून मी खाली नुसता पडून राहिलो आणि बघत बसलो. हाऊसिंगच्या वरच्या अंगाला ब्रीदरची छोटी टोपी असते, ती दिसेचना. पावसाळ्यात मालकाने गंज लागू नये म्हणून गाडीला खालून काळा रंग मारून घेतला होता, त्या रंगाखाली ब्रीदर पूर्ण बंद झाला होता. रंग खरवडला, टोपी साफ केली, सील घातलं. ती गाडी त्यानंतर गळली नाही. मालकाचे तीन वेळचे पैसे माझ्यामुळे गेले, त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

ब्रीदर बंद झाला की काय होतं ते समजून घ्या. फोर व्हीलमध्ये गाडी चालली की क्राउन-पिनियन फिरतात, ऑइल तापतं, आतली हवा फुगते. हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली तर बंद जागेत तिचा दाब साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. ब्रीदर मोकळा असेल तर ती हवा निघून जाते. नसेल तर ती सगळ्यात कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. उलटही होतं. तापलेलं हाऊसिंग नाल्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तुमचं ऑइल दुधाळ किंवा करड्या रंगाचं निघालं तर समजा हेच झालंय.

तपासायला पैसे लागत नाहीत. पुढच्या चाकांचे दोन्ही हब (चाक ॲक्सलला जोडणारा किंवा मोकळा सोडणारा भाग) लॉक करा, मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये पाऊण तास गाडी चालवा. कोरड्या डांबरावर फोर व्हील घालू नका, सगळ्या गिअरांवर ताण येतो. परत येऊन सपाट जागी लावा आणि डिफ्रन्शियलचा फिलर प्लग हळूहळू ढिला करा. ऑइल गरम असतं, तोंड बाजूला ठेवा. फुस्स आवाज आला तर दुखणं सापडलं.

आवाज आला नाही तर मग गळती नेमकी कुठली आहे ते शोधायचं. पुढच्या ॲक्सलखाली दिसणारं सगळं ऑइल डिफ्रन्शियलचं नसतं. इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरचं, संपचं ऑइल ओघळून हाऊसिंगवर येतं. स्टिअरिंग बॉक्समध्येही गिअर ऑइल असतं. ब्रेक ऑइल तर अजून वेगळं. म्हणून थेंब बोटावर घ्या, चोळा, वास घ्या. डिफ्रन्शियलच्या नव्वद नंबरच्या ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळपट आणि त्यापेक्षा पातळ. ब्रेक ऑइल पाण्यासारखं, आणि ते जिथे सांडतं तिथला रंग फुगून निघतो. ब्रेक ऑइलचा संशय असेल तर गाडी जागची हलवू नका.

रॉकेल आणि ब्रश घेऊन हाऊसिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुवा, पुसा, वाळू द्या. रॉकेल ब्रेकवर उडू देऊ नका. मग पिनियनच्या फ्लँजभोवती, डिफ्रन्शियल जिथे हाऊसिंगला बोल्टने बसतो त्या सांध्यावर, ड्रेन प्लगवर आणि दोन्ही चाकांमागच्या गोल नकलवर (चाक जिथे वळतं तो सांधा) टाल्कम पावडर शिंपडा. खाली पुठ्ठा घाला. रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी बघा. नंतर गाडी फिरवून आणून परत बघा. उभ्या उभ्या गळतं की चालल्यावरच, हा फरक फार महत्त्वाचा आहे.

इथे जिप्सीची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हब फ्री असतील आणि गाडी टू व्हीलमध्ये असेल तर पुढचे ॲक्सल, डिफ्रन्शियल, प्रोपेलर शाफ्ट काहीच फिरत नाही. मग तुम्ही ५०० किलोमीटर गेलात तरी त्या सीलची परीक्षा होतच नाही. चाचणी घ्यायची तर हब लॉक करूनच. आणि हब वर्षभर फ्री ठेवले तर सीलचा ओठ एकाच जागी कोरडा बसून कडक होतो. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो, महिन्यातून एकदा हब लॉक करून १५-२० किलोमीटर जाऊन या. त्यासाठी फोर व्हील घालायची गरज नाही, नुसते हब लॉक असले तरी आतलं सगळं फिरतं आणि ऑइल पसरतं.

आता तुमच्या डाव्या चाकाकडे येऊ. जिप्सीची नकल बंद गोळ्याची असते, आत जॉइंट ग्रीसमध्ये बसलेला. डिफ्रन्शियलचं ऑइल आणि हे ग्रीस यांच्यामध्ये ॲक्सलचं आतलं सील असतं, ते बाहेरून दिसत नाही. ते गेलं की ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीसमध्ये मिसळून त्याचं कढीसारखं पातळ मिश्रण होतं आणि मागच्या फेल्टमधून (गोळ्याला घासून बसणारी नमद्याची कडी) टायरच्या आतल्या बाजूला ओघळतं. त्यामुळे गोळ्यावर काय आहे ते बघा. ग्रीसचा पातळ थर असणं ठीक, तो असायलाच हवा. जाड ग्रीस बाहेर ढकललं जात असेल तर फेल्ट गेलाय किंवा ग्रीस जास्त भरलंय. पातळ, गंधकाच्या वासाचं काही टपकत असेल तर आतलं सील. गोळा कोरडा आणि गंजलेला असेल तर ते सर्वांत वाईट, कारण गंजाचे खड्डे नवा फेल्टही फाडून टाकतात.

आतलं सील दोन महिन्यांत पुन्हा का जातं, याची मला माहीत असलेली कारणं अशी. ॲक्सल आत घालताना त्याचं वजन सीलवर टेकलं तर स्प्लाइनचे दात ओठ कापतात. हे गॅरेजमध्ये घाईत होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शाफ्ट हाताने उचलून, अगदी सरळ आत न्यायचा, ओठाला आधी ग्रीस लावायचं. दुसरं, शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे चर पडलेली असते. नखाने चाचपा. नख अडकलं तर नवं सील तिथे टिकणार नाही. तिसरं, स्पिंडलमधला बुश झिजला की शाफ्ट बाहेरच्या टोकाला हेलकावतो आणि सीलला दर फेरीला धक्का बसतो. चौथं, किंगपिनचे, म्हणजे नकल ज्या खिळीवर वळते तिचे, बेअरिंग. चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ वाटला तर एकाला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिनचा.

हाऊसिंग खरंच वाकलंय का, हे जुनं काढलेलं सील सांगतं. ओठ सगळीकडून सारखा झिजला असेल तर हाऊसिंगला दोष देऊ नका. एकाच बाजूने झिजला असेल तर शाफ्ट मध्यात नाही, म्हणजे बुश तरी गेलाय किंवा हाऊसिंग तरी वाकलंय. बुश स्वस्त आहे, आधी तो बदला. गॅरेजकडे जुनी सीलं मागा. फेकली असतील तर या वेळी काम होताना समोर उभे राहा.

पिनियनचं सील आधी बदलून झालंय म्हणून तुम्हाला एक काळजीचं सांगतो. तो फ्लँजचा नट सोडून परत नुसता ताकदीने आवळला असेल तर आतली चेपणारी स्लीव्ह जास्त दबते, बेअरिंगवर ताण येतो. फ्लँज हाताने वर-खाली हलवून बघा, अजिबात खेळ नको. नट आणि फ्लँजवर जुन्या जागेची खूण करून काम केलं होतं का, हेही विचारा. पुढून घूं घूं आवाज येत असेल तर ते आधी उघडून घ्या, गळतीचं नंतर बघू.

ऑइल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०. पुढच्या डिफ्रन्शियलला २ लिटर लागतं, मागच्याला दीड. सपाट जागी फिलरच्या भोकातून थेंब बाहेर यायला लागला की थांबा. गाडी तिरकी ठेवून जास्त भरलेलं ऑइल गळतं आणि लोक सीलला दोष देतात. ड्रेन प्लग काढण्याआधी फिलर प्लग उघडतोय याची खात्री करा, नाहीतर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. काढलेलं ऑइल मातीत ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या.

ब्रीदर साफ केल्यावर त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली वरपर्यंत नेता येते. नाल्यातून, चिखलातून जाणार असाल तर हे करून घ्याच.

आणि हे वरचं सगळं करण्याआधी डाव्या चाकाचा ब्रेक उघडून बघा. तिथे ऑइल पोचलं असेल तर पॅड बदलल्याशिवाय घाट उतरू नका, गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते. फिलर प्लगला आवाज आला की नाही आणि जुन्या सीलचा ओठ कसा झिजलाय, एवढं इथे लिहा, मी पुढचं सांगतो.